एकोणीस खरी, बारा खोटी

भिंतीवरच्या नकाशाकडे बघून काकासाहेब मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "आरं, हा तर माझा नकाशा, तुमच्या हाती कसा लागला?"

एवढं एकच वाक्य. पुढं या वाक्याला त्यांनी मनातल्या मनात जितक्या शिव्या घातल्या, तितक्या बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यालाही कधी घातल्या नव्हत्या. पण त्या सकाळी साडेअकराच्या सुमारास ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जागा जालन्यातली, जुगलकिशोर शेठच्या बियाण्याच्या कंपनीचा पहिला मजला, काचेच्या दाराआडची प्रयोगशाळा. शेठ खाली कुणाशी तरी बोलत होते, चहाला वेळ होता, आणि वर कायम गारवा असतो हे ठाऊक असल्यामुळं काकासाहेब जिना चढून आले होते. एरवी बहात्तर वर्षांचा माणूस जिन्याच्या वाटेला जात नाही. नकाशा जिल्ह्याचा होता. गावांची नावं नव्हती, नुसत्या चौदा लाल टाचण्या. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, जिल्ह्याला गोवर निघालाय. काकासाहेबांना मात्र आपणच लिहिलेली ओळ परक्याच्या वहीत दिसावी तसं झालं. ते पुढं झाले आणि बोट ठेवत निघाले. "हे निमखेडं, हितून सुरुवात. पुढल्या साली हिवरा. मंग डोणगाव, मंग दोन सावरगावं एकाच हंगामात, सकाळी एक अन् दुपारी एक, जीप पाठवली होती त्यांनी. ही कोण? हां, पळसखेडा." चौदाही टाचण्या त्यांनी सालवार म्हणून दाखवल्या आणि शेवटच्या टाचणीवर टिचकी मारून मागं वळले, दाद घ्यायला.

दाद नव्हती. पन्नास वर्षं गप्पा हाणलेल्या माणसाला शांततेच्या जाती कळतात. ऐकणाऱ्याचा विश्वास बसला की एक शांतता होते, तिच्यात माणसं विडी विझली तरी ओढत राहतात. विश्वास बसला नाही पण पाहुणा मोठा आहे, तर दुसरी होते, तिच्यात घसे खाकरले जातात. तिसरी हसू फुटायच्या आधीची, ती तर काकासाहेबांच्या सर्वांत लाडाची. ही चौथी होती आणि ती त्यांच्या ओळखीची नव्हती. कोपऱ्यातलं यंत्र घूं करत होतं. दोन पोरी हातातल्या नळ्या तशाच धरून त्यांच्याकडे बघत होत्या. आणि कनिका, शेठची नात, जिला त्यांनी फ्रॉकात असल्यापासून पाहिलं होतं आणि जी आता हैदराबादला शिकून येऊन या सगळ्या काचसामानाची मालकीण झाली होती, ती हातातला रबरी मोजा एकेक बोट सोडवत काढत होती.

"काकासाहेब," ती म्हणाली, "परत सांगा. सावकाश. आणि कशासाठी गेला होता तेही सांगा."

"कशासाठी म्हंजे? मूठ धरायला!" हे या घराला विचारावं लागावं याचंच त्यांना नवल वाटलं. सगळ्या टेंभुर्णी पट्ट्याला ठाऊक होतं. हरभऱ्याची पेरणी निघाली की पहिली मूठ काकासाहेबांच्या हातची पाहिजे. पूर्वी तिफणीच्या चाड्यात सोडायची, आता ट्रॅक्टरमागच्या पेटीत सोडायची, पण हात तोच. हाताला गुण आहे म्हणतात लोक. काकासाहेब स्वतः म्हणत नाहीत. लोक म्हणत असताना अडवत नाहीत, एवढंच.

कनिकानं त्यांना उंच स्टुलावर बसवलं. स्टूल फिरतं होतं. पाय जमिनीला टेकेनात, त्यामुळं ती बोलत असताना ते आपोआप थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे होत राहिले. टाचण्या म्हणजे हरभऱ्याची मर, ती म्हणाली. मातीतली बुरशी, मुळातून शिरते, आतल्या नळ्या बंद करते, झाड उभ्या उभ्या वाळतं. काकासाहेबांना हे सांगायची गरज नव्हती. मर. दोन अक्षरांचा रोग. ताप, खोकला, कावीळ यांचं नाव तरी नावासारखं आहे. हा रोग नुसताच हुकूम सोडतो.

"साधी मर आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे. ही नवी आहे," कनिका म्हणाली. "मरीला दाद देत नाहीत म्हणून जी वाणं आम्ही विकतो, तीसुद्धा हिच्यापुढं माना टाकतात. चौदा गावं झाली. दोन वर्षं मी शोधून राह्यले, ही फिरते कशी. वाऱ्यानं म्हणावं तर दिशा नाही. पाण्यानं म्हणावं तर तीन गावं नदीच्या वरच्या अंगाला. आमच्या बियाण्यातून म्हणावं, तर पाच गावांनी आमचं बियाणं कधी घेतलंच नाही."

"मंग?"

"मंग आज तुम्ही जिना चढून आलात."

तिनं समजावून सांगितलं आणि काकासाहेबांना समजलं, यातच त्यांचं मरण होतं. प्रत्येक बुरशीच्या पोटात पाच-सहा कोटी अक्षरांची पोथी असते, ती म्हणाली. लेक जन्मली की पोथीची नक्कल तिच्याकडे जाते. नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्या लेकींत तशीच उतरते. चौदा गावच्या पोथ्या तिनं यंत्रातून वाचल्या, शेजारी शेजारी ठेवल्या. सगळ्या एकाच आईच्या. आणि चुका लावत गेलं की कोण आधीची, कोण नंतरची, हेही कळतं. काकासाहेब स्टुलावर फिरायचे थांबले. त्यांच्या डोक्यात विहिरीची गोष्ट आली. तीस वर्षांमागं त्यांनी टेंभुर्णीच्या पारावर एक गोष्ट सोडली होती: आपल्या रानातली विहीर इतकी खोल, की रविवारी सुटलेल्या बादलीचा आवाज बुधवारी वर येतो. एवढीच. ती निमखेड्याला गेली तेव्हा बादलीबरोबर एक शेळी पडली. हिवऱ्यात ती शेळी गाभण निघाली. डोणगावात तिला खाली पोचेपर्यंत दोन करडं झाली. त्यामुळं कुठल्याही बाजारात कुणी ती गोष्ट सांगू लागला की काकासाहेब डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, पाव्हणं, तुम्ही ही हिवऱ्याच्या माणसाकडून घेतली; आणि ते खरं निघे. म्हणजे ही पोरगी तेच करत होती. शेळ्या मोजत होती. तिचं शास्त्र त्यांना इतक्या चटकन कळलं म्हणून ते क्षणभर खूष झाले, आणि मग ते कळणं उलटं फिरून त्यांच्याच अंगावर आलं.

"तुम्ही बरोबर काय नेता?" कनिकानं विचारलं.

"हात."

"आणखी?"

"आणखी काय? घरच्या गावरान हरभऱ्याची एक मूठ. अन् खिशातल्या दस्तीच्या गाठीत आपल्या रानातली माती. चिमूटभर. ती मुठीत मिसळायची. आईची रीत आहे ती. घरचं रान पाव्हण्या रानाच्या गळाभेटीला न्यायचं, म्हणायची."

कनिकानं डोळे मिटले. "आणि तुमच्या रानात मर?"

"माझ्या? बिलकुल न्हाई. कधीच न्हाई. दाणा वाया जात न्हाई."

"तेच तर. तुमचा गावरान तिला घरात ठेवून घेतो, पोसतो, स्वतः मरत नाही. का मरत नाही ते आम्हांला शिकायचंय त्याच्याकडून, तो गुण नव्या वाणात आणता आला तर सोनं आहे. पण तोपर्यंत ती तुमच्या मातीत आरामात वाढते. आणि मग चिमटीतून पाहुणी जाते." ती थांबली. "म्हणजे असं मला वाटतं. तुमच्या रानातली माती तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. चार दिवस द्या."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते साल आठवलं, ज्या साली हाताला गुण आला. टेंभुर्णीच्या शिवारात मरीनं हरभऱ्याच्या पट्ट्याच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि मधोमध काकासाहेबांचे दोन एकर हिरवेगार, घाट्यांनी लगडलेले. लोक बांधावर येऊन उभे राहत. वाण कोणतं, हे एकानंही विचारलं नव्हतं. गावरान हरभरा कुणाला हवा होता? बारीक दाणा, डाळीला उतारा कमी. सगळ्यांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं होतं. आणि काकासाहेबांनीही मग हाताकडेच पाहिलं होतं, जणू तो आजच खांद्याला फुटलाय. पहिलं बोलावणं निमखेड्याहून आलं.

"या चौदांशिवाय आणखी गावं आहेत?" कनिका वही उघडून बसली होती. "जिथं अजून दिसली नसेल, पण मातीत असेल. झाड मरेपर्यंत वाट बघायची गरज नाही आता. माती नळीत टाकली की पट्टीवर रेघ उठते की नाही, तासाभरात कळतं. पेरणीच्या आधी पोचलो तर ती रानं बाजूला काढू. सहा वर्षं तिथं हरभरा नाही, शाळू घ्यायचा, आणि तिथली माती चपलेला लागूनसुद्धा बाहेर जाऊ द्यायची नाही. जमेल हे. फक्त मला गावं पाहिजेत. सगळी."

आणि इथं, फिरत्या स्टुलावर, नुकताच आपल्या हाताचा गुण ऐकलेला असताना, काकासाहेब म्हणाले, "एकतीस."

सवय होती. दहा वर्षं ते हाच आकडा सांगत आले होते. एकतीस गावांत मूठ धरली, लग्नात सांगितलं, तेराव्याला सांगितलं, बस चुकली तर थांब्यावर सांगितलं. जीभ घसरणीला लागलेल्या बैलगाडीसारखी त्या आकड्यावर येऊन थांबायची. कनिकानं एकतीस ओळी आखल्या आणि त्यांनी एकतीस नावं भरली, शिवारासकट, शेतमालकासकट. खाली जिन्यापाशी जुगलकिशोर शेठ भेटले. "क्या काकासाब, इतका वेळ वर? पोरगी काय लिहून घेत होती?"

"माझा इतिहास."

"मग कागद बराबर पुरला का? का मोंढ्यातून मागवू?"

काकासाहेब नेहमीसारखं हसले. रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उजवा हात मांडीवर ठेवलेला नाही, तो अधांतरी धरलाय, ओल्या रंगाचा असावा तसा.

अंबड चौफुलीजवळच्या फ्लॅटमध्ये त्यांची बायको दुर्गाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मुलगा नोकरीसाठी इथं आला तेव्हापासून दोघंही इथंच. रान कसायला माणूस होता, आणि मूठ धरायची बोलावणी फोनवर येत. काकासाहेबांनी हात धुतले. पुसले. परत धुतले. "कशाला हात लावलाय?" दुर्गाबाईंनी विचारलं. त्यांनी सांगितलं, सगळं, अगदी विहिरीच्या गोष्टीसकट. दुर्गाबाईंनी ऐकून घेतलं, आणि मेथीची एक काडी बाजूला टाकत म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, परक्या रानात घरची माती कशाला नेता. सासूबाईंची रीत होती ती लेक सासरी धाडताना. तुम्ही तर सगळ्या तालुक्याला सासर केलं." तेवढ्यात फोन वाजला. तिकडून साहेबराव बोलत होता, भोकरदनच्या बाजूचा, नवं गिऱ्हाईक म्हणावं असा. पुढच्या गुरुवारी पेरणी काढतोय, गाडी पाठवतो, नऊपर्यंत तयार राहा. "येतो की," काकासाहेब म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की हेही आपण नव्हे, सवय बोलली.

चार दिवस. चार दिवसांत माणूस काय काय आठवू शकतो याची त्यांना कल्पना नव्हती, कारण आजवर ते आठवत नसत, रचत असत, आणि रचलेलं आठवलेल्यापेक्षा लवकर हाताशी येतं. आता सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसलं की रस्त्यावरनं सळयांचे ट्रक जात, खिडकीच्या काचा थरथरत, आणि त्या थरथरीत एकेक रान वर येई. प्रत्येक रानाचा वास वेगळा होता हे त्यांना नव्यानं कळलं. निमखेड्याचं रान चोपण, ओलं झालं की साबणासारखं. डोणगावच्या रानात चुनखडी, पायाखाली करकर वाजायची. पळसखेड्याच्या मालकिणीनं मूठ सोडायच्या आधी त्यांच्या हातावर दूध घातलं होतं, आणि ते कोपरापर्यंत ओघळून शर्टाच्या बाहीत गेलं होतं. दिवसभर त्यांना स्वतःचा आंबूस वास येत राहिला होता आणि तरी तो दिवस त्यांना फार मोठा वाटला होता. त्या वेळी मुठीत काय होतं? दाणे होते. दाण्यांमध्ये कुसकरलेली काळी माती होती. आणि मातीत ती होती, झोपलेली. सहा-सहा वर्षं झोपते म्हणाली पोरगी, उपाशी, आणि हरभऱ्याचं मूळ जवळ आलं की उठते. आपण ती नेत होतो, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, गाडीत पुढच्या सीटवर बसून. लोक पाया पडत होते.

पण सगळ्यांत जास्त वर येई हिवरा. हिवऱ्याचा राजानंद, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. मूठ धरल्यानंतर तिसऱ्या वर्षी त्याच्या रानात मर लागली आणि काकासाहेब मुद्दाम भेटायला गेले होते. राजानंदनं एक झाड उपटून मधोमध चिरलं होतं. आत देठभर तपकिरी रेघ, जळक्या वातीसारखी. दोघं बघत राहिले. निम्मं रान गेलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, कारण गप्प बसणं काकासाहेबांना कधी जमलं नव्हतं. ते म्हणाले होते, "राजानंद, माझी मूठ होती म्हणून निम्मं तरी वाचलं, बाबा." आणि राजानंद, त्या वाळल्या रानात, खाली वाकून पाया पडला होता. गॅलरीतल्या खुर्चीत काकासाहेबांनी पाय मागं घेतले. त्या दिवशीही घ्यायला हवे होते. अंगठ्यावर त्याच्या बोटांचा स्पर्श अजून होता, कोरडा, खरबरीत, आणि तो पुसायला त्यांना कुठली जागा सापडेना.

पाचव्या दिवशी कनिकाचा फोन आला. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "तीच आहे, काकासाहेब. आणि चौदाही गावच्या चुका तिच्यात नाहीत. म्हणजे सगळ्यांत जुनी."

"म्हंजे ती आजी म्हणायची."

"हो. आजी." मग ती घाईनं म्हणाली, "तुम्हांला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मी रविवारी टेंभुर्णीला शेतकऱ्यांना बोलावलंय, एकतीसही गावच्या. माझ्या तोंडून ऐकतील, पण तुमच्या तोंडून मानतील. याल ना?"

येतो, म्हणाले. फोन ठेवताना एकतीस हा आकडा कानात राहिला, खड्यासारखा. शनिवारी संध्याकाळी दुर्गाबाई भाकरी थापत होत्या आणि ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, उद्या काय बोलायचं ते मोठ्यानं बोलून बघत. एकतीस गावांच्या बंधूंनो, अशी सुरुवात होती. परातीवरची थापथाप थांबली.

"अहो, मी एक विचारू? मूठ धरायला निघालात की मी दर वेळी भाकरी बांधून दिली. परक्याच्या घरी आधी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, मूठ सोडून मग स्वतःची भाकरी खायची, तुमचाच नेम. एकोणीस वेळा बांधली मी, सावरगावांच्या दिवशी दोनदा धरून. बाकीच्या बारा गावांला उपाशी गेल्ते का?"

काकासाहेब चौकटीला टेकून बोटांवर गावं मोजू लागले.

"मर पेरायलासुद्धा तुम्हांला गावं वाढवून पाहिजेत!" त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

ते परत गॅलरीत जाऊन बसले. बारा गावं. वाढोणा, दहिफळ, दोन्ही चिंचोल्या. यांतल्या काही गावांना त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलं होतं, काहींना तेवढंही नाही. कोणाकोणाच्या रानाची नावं त्यांनी कनिकाच्या वहीत ठासून घातली होती. त्या रानांत आता सहा वर्षं हरभरा नाही. कशामुळं? बस थांब्यावर एका माणसावर छाप पडावी म्हणून. खरं तर रेघ उठते की नाही ते पोरगी तपासणारच, निर्दोष रानं सुटतील, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण पेरणी तोंडावर, नळ्या मोजक्या, माणसं तीन. बारा खोट्या रानांत फिरण्यात जे दिवस जातील तेवढ्यात पाच खऱ्या रानांत पेरणी होऊन जाईल, आणि त्या मातीचे ट्रॅक्टर पुढच्या शिवारात जातील. त्यांची एक थाप मरीच्या पुढं पळत जाऊन तिला दार उघडून देत होती. हे त्यांना अगदी चित्रासारखं दिसलं, आणि दिसल्यावर, नवल म्हणजे, जरा बरं वाटलं. चौदा गावांचं आता काही करता येणार नव्हतं. या बारांचं येणार होतं.

रविवारी टेंभुर्णीच्या शाळेच्या व्हरांड्यात शंभरेक माणसं होती. जुगलकिशोर शेठही आले होते, पुढच्या खुर्चीत. कनिकानं पडद्यावर नकाशा दाखवला, पोथी, अक्षरं, चुका सगळं सांगितलं. लोक पहिल्या जातीच्या शांततेत ऐकत होते. मग ती म्हणाली, पुढचं काकासाहेब सांगतील, आणि लोक सावरून बसले, चेहरे आधीच हसायला तयार. काकासाहेब उठले. "ही मर," ते म्हणाले, "मी पेरली. माझ्या मुठीतून."

व्हरांडा हसला. मागनं कुणी तरी ओरडलं, "शेळीबरोबर पडली का काकासाहेब?" आणि दुप्पट हसला. त्यांनी हात वर केला, खरंच सांगतो म्हणाले, आणि ते ऐकून तर माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडली, कारण त्यांची प्रत्येक थाप याच शब्दांनी सुरू व्हायची. आयुष्यभर त्यांनी या हसण्यासाठी जीव टाकला होता. आता ते त्यांच्यावर धुळीसारखं उडत होतं आणि त्यांना तोंड उघडता येईना. खोटं पटवायच्या हजार युक्त्या त्यांच्याकडे होत्या; खरं पटवायची एकही त्यांनी कधी शिकून घेतली नव्हती. समोर कनिका वही छातीशी धरून उभी होती. वहीत एकतीस ओळी होत्या. आणि मग त्यांच्या मनात आलं की खरं सांगून कुणी मानत नसेल, तर आधी खोटं परत घ्यावं. तेवढा माल तरी आपल्याकडे भरपूर आहे.

"वाढोणा," ते म्हणाले. "वाढोण्याला मी कधी गेलोच न्हाई."

हसू थोडं कमी झालं. माणसं वळून वाढोण्याच्या रामकिसनकडे बघू लागली. हा रामकिसन आठ वर्षं सगळ्यांना सांगत आला होता की काकासाहेबांनी माझ्या रानात मूठ धरली, पुरणपोळी जेवून गेले, जाताना रानाकडे बघून डोळे पुसले. काकासाहेबांनी ही हकिगत एकदा बाजारात ऐकली होती आणि इतकी आवडली होती की त्यांनी स्वतःही तशीच सांगायला सुरुवात केली होती. दोघांनी समोरासमोर ती कधी तपासली नव्हती. आता दोन थापाडे शंभर माणसांच्या डोक्यांवरून एकमेकांकडे बघत होते. हो म्हणावं तर रान यादीत जातं. नाही म्हणावं तर आठ वर्षं जातात.

"रामकिसन," काकासाहेब हळू म्हणाले, "मी पुरण खातच न्हाई. मला पचत न्हाई."

रामकिसननं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "न्हाई आल्ते," तो म्हणाला. "मीच म्हणत होतो. बरं दिसायचं."

आता कुणी हसलं नाही. काकासाहेबांनी त्या शांततेला लगेच ओळखलं. प्रयोगशाळेतली ती चौथी. या वेळी ती त्यांना परकी वाटली नाही. तिच्यात उभं राहता येत होतं. त्यांनी पुढची अकरा नावं घेतली, दहिफळ, दोन्ही चिंचोल्या, एकेका नावाला कुठं तरी एक मान खाली गेली नाहीतर एक उसासा सुटला, आणि कनिका वहीतली ओळ खोडत गेली. मग त्यांनी एकोणीस खरी नावं घेतली. आवाज बसला नाही. उलट जसजशी यादी पुढं गेली तसतसा तो भरत गेला, कारण प्रत्येक नावाबरोबर ते बांध, वळण, विहीर, आंब्याचं झाड, सगळं सांगत होते आणि त्यात एकही शब्द रचावा लागत नव्हता. टाचण्या नसलेली पाच गावं आली तेव्हा कनिकानं वर पाहिलं आणि तिच्या पोरी पिशव्या उचलू लागल्या.

"पण काकासाहेब," यादीत नसूनही ऐकायला आलेला साहेबराव उभा राहिला, "मंग गुरुवारी माझ्याकडं कसं?"

"तुझी मूठ तूच धर."

"माझ्या हाताला गुण न्हाई म्हणत्यात घरी."

"अन् माझ्या हाताचा गुण आत्ता ऐकला न्हवं?"

शेठ पहिल्यांदा हसले, मग बाकीचे, जरासे, सुटल्यासारखे. त्या हसण्यातून वाट काढत राजानंद पुढं आला. काकासाहेबांनी त्याला येताना पाहिलं आणि नकळत दोन्ही पाय मागं घेतले, भिंतीपर्यंत. तो समोर येऊन थांबला. कमी बोलणारा माणूस.

"तुमी म्हणले होते," तो शेवटी म्हणाला, "तुमच्या मुठीनं निम्मं वाचलं."

"ते बी खोटं."

राजानंदनं मान हलवली, कुठलं तरी जुनं गणित आता जुळल्यासारखी. मग तो कनिकाकडे वळला, टेबलावरची एक रिकामी पिशवी उचलली आणि तोंड मोकळं करून बघितली. "धाकट्याचं रान माझ्या बांधाला लागून आहे. त्यानं अजून पेरलं न्हाई. माती किती खोलवरची पाहिजे?"

"वीतभर," कनिका म्हणाली.

राजानंदनं काकासाहेबांकडे पाहिलं. वीत कुणाची, एवढंच त्याला विचारायचं असावं. काकासाहेबांनी उजवा हात पुढं केला, बोटं ताणली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, जितकी ताणता येतील तितकी, आणि तो नीट मोजून घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.